झऱ्याकाठची तपासणी

"पुढच्या गुरुवारी समदे माझ्या मळ्यात मुक्कामाला या," कँटीनच्या टेबलावर चहाचा कप ठेवत मुरारी म्हणाला. "नदीकाठी तंबू लावू. जेवण आईच्या हातचं. कुणी काय आणायचं न्हाई."

टेबलाभोवतीच्या सात जणांपैकी सहा जणांना आनंद झाला. सातवा ज्योतीराम होता.

ज्योतीराम चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचा. दुसऱ्यांनी चांगला ठरवलेल्या मालात खोट शोधायची, यासाठीच कंपनी त्याला बारा वर्षं पगार देत होती. ही सवय तो चिखलीला घरीही घेऊन जायचा. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, तर तो तिथेच उभा राहून जुडी उलगडून बघायचा.

"मे महिन्यात नदीला पाणी?" त्याने विचारलं.

"जिवंत झरा हाय राव. आमच्या बांधाखालनं निघतो अन् नदीला मिळतो. म्हणून तर आमची नदी कधी आटत न्हाई."

"आणि जेवण फुकट?"

"मग काय तुमच्याकडनं पैसं घ्यू?"

"तसं नाही. पण फुकट का?"

शेजारी बसलेला बुद्धरत्न म्हणाला, "भावा, तो जेवायला बोलवतोय. पार्ट पास करायला नाही."

सगळे हसले. ज्योतीराम हसला नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फुकट सहलीला तो बायकोला, रुपालीला, घेऊन गेला होता. एसी बस, नाश्त्याला उपमा, आणि मग तीन तास मंडपात बसवून प्लॉट विक्रीचं भाषण. फोन नंबर दिल्याशिवाय कुणालाही बसमध्ये चढू दिलं नव्हतं. त्या प्लॉटवाल्यांचे फोन अजून येत होते.

"मुरारी प्लॉट विकतोय," त्या संध्याकाळी त्याने रुपालीला सांगितलं.

"काहीतरीच! तुमच्या अपेंडिक्सच्या वेळी मुरारीभाऊ दोन दिवस दवाखान्यात बसून होते."

"तेव्हाच मला शंका आली होती."

रुपालीने पोळी जरा जोरात तव्यावर टाकली. ज्योतीरामने ठरवलं, आपण जाऊन बघायचं. त्या आठवड्यातल्या गुरुवारीही कारखान्याला सुट्टी होती. सहलीला पुरा आठवडा बाकी होता. त्याने हेल्मेट घातलं, गॉगल लावला आणि कुणालाही न सांगता मोटरसायकल काढली.

मळा सापडायला वेळ लागला नाही. झरा खरोखरच होता. खडकाच्या कपारीतून नितळ पाणी उसळत होतं आणि करंजाच्या सावलीतून खाली नदीकडे पळत होतं. ज्योतीरामने ओंजळभर पिऊन पाहिलं. पाण्यात खोट निघेना. तो थोडा निराश झाला आणि वळला, तर समोरच्या सपाट जागेवर फक्कीने आखलेले पांढरे चौकोन. नीट मोजून सात. प्रत्येकात आकडा.

"सापडलास, मुरारी!" तो पुटपुटला. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले. मग एक चौकोन पावलांनी मोजायला घेतला. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन एक म्हातारी बांधावर येऊन उभी राहिली.

"मावशी, ही जागा कुणाची?"

"का?"

"सहज. पाणी बारा महिने असतं?"

"का?"

"आणि रस्ता किती फुटी? सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

या वेळी म्हातारीने 'का' विचारलं नाही. तिने भारा खाली टाकला, सरळ मोटरसायकलपाशी गेली, किल्ली काढून कमरेला खोचली आणि वस्तीकडे तोंड करून हाक मारली, "मुरारीऽ! पळ लवकर! एजंट धरलाय!"

मुरारी धावत आला. त्याच्या हातात फक्कीचा डबा होता. गॉगल काढलेल्या एजंटाकडे बघून तो जागीच थांबला.

"ज्योतीराम? तू हितं काय करतोय?"

ज्योतीरामची चांगलीच पंचाईत झाली. खरं सांगावं, तर मित्र जाणार. न सांगावं, तर किल्ली जाणार. त्याने मधला मार्ग काढला. "जागा आवडली. म्हणून चौकशी करत होतो."

"म्हंजे एजंटच!" म्हातारीने, मुरारीच्या आईने, रतनबाईने, निकाल दिला.

"नाही हो मावशी! मीच समजत होतो, मुरारी प्लॉट विकतोय. हे चौकोन..."

"तंबूचं हायत," मुरारी हळूच म्हणाला. "कुणाचा कुठं, त्यावरनं भांडणं नकोत म्हणून." मग त्याने विचारलं, "दवाखान्यात बसलो, तवाबी तुला असंच वाटलं व्हतं?"

ज्योतीरामने बुटांकडे पाहिलं. "तेव्हा थोडंसंच."

डबा घेऊन मुरारी चौकोनांकडे निघून गेला. ज्योतीरामला वाटलं, याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रतनबाई मात्र त्याला नव्याने न्याहाळत होती. "आमची बाकीची जिमीन कारखान्यांच्या शेडांखाली गेली," ती म्हणाली. "ह्यो झऱ्याचा तुकडा तेवढा ऱ्हायलाय. रोज कुणीतरी इकता का म्हणून इचारत येतंय. अन् आमचा मुरारी भोळा, समद्यास्नी चहा पाजतोय. तू मातूर कुणावरच भरवसा ठेवत न्हाईस." तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "सहलीच्या दिवशी फाटकावर बस. एकबी एजंट आत येता कामा न्हाई."

मुरारीचा राग घालवायचा हाच उपाय आहे, हे ज्योतीरामला पटलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी मित्र झऱ्यात पाय सोडून बसले आणि ज्योतीराम फाटकावर खुर्ची टाकून बसला. तासाभराने तो ताठ मानेने खाली आला.

"मुरारी, एक एजंट परत पाठवला! टेम्पो घेऊन आला होता. गाडीत खुंट्या, हातोडा, लांबलांब नळ्या, टेप. म्हटलं, हे कशाला? तर म्हणतो, जागा मोजून ठोकायला! मग मी सोडतो का? आधार कार्ड मागितलं, मोजणीचा आदेश मागितला. पंधरा मिनिटांत घाम फुटला त्याला. गाडी वळवून गेला!"

बऱ्याच दिवसांनी मुरारी त्याच्याकडे बघून हसणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं, दोनदा "अहो, पण" म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

"तंबूवाला व्हता," तो म्हणाला. "तळेगावच्या दुसऱ्या पार्टीकडं चाललाय. परत येणार न्हाई म्हणतोय."

सहा जोडी पाय पाण्यातून बाहेर आले. सगळे ज्योतीरामकडे बघत राहिले. रतनबाई तेवढी समाधानाने भाकरीचं पीठ मळत होती.

"गेला न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं तर. मला त्या तंबूवाल्याचा पयल्यापास्नंच संशय व्हता."