चुन्याचं घर

पोशीरच्या आमच्या गोमातात्यांकडे गेलात, तर चपला उघड्या माळावर काढाव्या लागतात. घर नाही, भिंत नाही. खोपटासमोर जमिनीवर चुन्याच्या रेघा तेवढ्या. ही पडवी, ही खोली, हा सैपाकाचा कोपरा. भलतीकडून रेघ ओलांडलीत की तात्या ओरडलेच, "अरं, दार तिकडं हाय! भिंतीतून कुठं येतंस?" कोंबड्यांनाही हाच नियम, त्या मात्र जुमानत नाहीत.

तात्यांचं नाव सरकारी घरकुलाच्या यादीत. घराचं विचारा, गुडघ्याचं विचारा, उत्तर एकच, "यादीत हाय ना!" पावसानं रेघा धुतल्या की पुन्हा आखायच्या. मी शेजारी, त्यामुळे चांभारचौकशा करायचा माझा हक्कच. हा माणूस घरभर हिंडतो, पण सैपाकाच्या चौकोनात कधीच पाय टाकत नाही, हे मला कोडंच होतं. विचारलं की तात्या भाताच्या पिकावर बोलायला लागायचे.

गेल्या वर्षी पाहणीला इंजिनियर आला. जागेचा फोटो घ्यायला मागे मागे सरकला, तशी आरोळी आली, "सायब, चुलीवर उभे हाव तुमी!" बिचारा खरंच उडी मारून बाजूला झाला.

यंदा तात्यांचा नंबर पहिला आला. गावाच्या वाट्याला घर एकच. ग्रामसभेत ग्रामसेवकांनी नाव वाचलं आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

तात्याच उठले. "माझी हाय! हिराचा नवरा गेला, खोपट पडलं, पदरात दोन पोरी. घर तिला द्या. माझं काय, मी यादीत हाय ना!"

मी जाम भडकलो. बाहेर आल्यावर त्यांना धरलंच. "मग इतकी वर्षं रेघा कशाला ओढल्यात?"

तात्या म्हणाले, "माझी बायको सारजा व्हती तवा नंबर लय खाली व्हता रं. चुलीची जागा तिनंच दाखवलेली. आता घर झालं, तरी चूल पेटवायला हाय कोन?"

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तात्या चुन्याचं डबडं घेऊन हिराच्या जागेवर हजर. सगळं घर आखून झालं, तशी हाक मारली, "ये गं हिरा. चूल हितं घे, सकाळचा उजेड येतो. सारजाचं म्हननं हाय."

हिरानं माळावर चपला काढल्या आणि दारातून आत आली.