दोरी खाणारे जंतू

सिद्रामप्पा लोणच्याच्या बरणीत नायलॉनच्या दोरीचे तुकडे टाकायचे, वरून गटाराकडेचा चिखल आणि पाणी ओतायचे, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचे आणि म्हणायचे, "जेवा आता."

मुरुमच्या दूध सोसायटीत ते दुधाची फॅट तपासायचे. एकटेच राहायचे. मी भंडाऱ्याकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. ट्रकवर क्लीनर होतो. तापानं फणफणलो तेव्हा मला उमरग्याला उतरवून ट्रक पुढं गेला. सिद्रामप्पांनी घरी नेलं, बरं केलं, सोसायटीत कॅन धुवायला लावलं. म्हणून ते काहीही बोलले तरी मी "व्हय" म्हणायचो. "न्हाय" म्हणून जायचं कुठं?

बहात्तरच्या दुष्काळात त्यांची गवरी गाय मेली होती. चारा नव्हता, तिनं गळ्यातलं नवंकोरं नायलॉनचं दावंच चावून गिळलं. पोट फाडल्यावर दोरी जशीच्या तशी निघाली.

"गवत काय गाय पचवती?" सिद्रामप्पा विचारायचे. "तिच्या पोटातलं जंतू पचवत्यात. तसलंच दोरीचं जंतू पायजेत. पुढच्या दुष्काळाआधी गुरांना पाजायचं."

"म्हणजे त्यांना शिकवायचं?"

"ते काय शाळंत येत्यात? बहात्तरला अमेरिकेचा मिलो जोंधळा आला, कुणाला पचला, कुणाला न्हाय. हितं ज्याला दोरी पचत न्हाय त्यो मरतोय. एखादा जन्मताच वायला, दोरी पचवणारा निघतोय, त्याचीच पिलावळ वाढती. फकस्त उपाशी ठेवायचं. दुसरं मिळाल्यावर दोरी कोण खाईल ओ?"

चिखल तळाला बसल्यावर जी बरणी परत गढूळ होई तिच्यात जंतू वाढले असं धरायचं, आणि तिच्यातलं चमचाभर पाणी पुढच्या बरणीत. विरजण लावतात तसं.

"अप्पा, पावणे जेवले का?" दूध घालायला आलेले विचारायचे.

"त्यांना घाई न्हाय. मला बी न्हाय."

एका उन्हाळ्यात मात्र बरण्या भराभर गढूळ व्हायला लागल्या. सिद्रामप्पांनी सोसायटीत गूळ वाटला. शेजारच्या खोंडानं दोरी गिळली होती; त्याला सकाळी एक बरणी पाजायची ठरली.

त्या संध्याकाळी बरण्यांचा चमचा धुताना मला त्याला साय लागलेली दिसली. सोसायटीत दुधाचा नमुना काढायचा लांब चमचाच होता तो. बरण्यांनाही आंबूस वास होता. आधी मी माझं बोचकं बांधलं, मग बोललो.

"अप्पा, चमचा दुधाचा हाय."

ते एकेक बरणी हुंगत गेले.

"म्हणजे दूध पिऊन माजलेत की ओ हे," ते म्हणाले. "खोंडाला उमरग्याच्या डॉक्टरकडं न्या म्हणून सांगून ये. आन् ते बोचकं सोड. नवा चमचा आणू, तूच धू."

परत आलो तेव्हा त्यांनी सगळ्या बरण्या नालीत रिकाम्या केल्या होत्या. फळीवर मागं एक उरली होती. मी ती उतरवली तर कोरडी होती. चिखल नाही, पाणी नाही, आत नुसता दोरीचा पिवळा पडलेला गोळा.

"हिच्यात जंतू घालायचं राहिलं व्हय, अप्पा?"

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि धोतराच्या सोग्यानं पुसली.

"ही दोरी गवरीच्या पोटातली हाय," ते म्हणाले. "आन् जंतूंनी खरंच खाल्ली तर?"