सासऱ्यांच्या बंदुकीची नळी

वाकडी नळी सरळ करण्यात माझा हात धरणारा बंदूकदुरुस्तीवाला अजून जन्माला यायचाय! निदान परवापर्यंत माझं असंच मत होतं.

परवा सासरे त्यांची एकनळी बंदूक घेऊन दुकानात आले. उद्यावर स्पर्धा, आणि हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांकडे ढुंकूनही न बघता छर्रे डावीकडून जायचे!

"जावईबापू, अब्रूचा प्रश्न आहे!"

"मामा, निर्धास्त घरी जा!"

आधी स्वतः एक बार काढून बघायचा असतो. पण तपासून बघतात ते शिकाऊ! मी नळी लाकडी ठोकळ्यांत धरली, स्क्रू आवळला आणि तोंड जरासं उजवीकडे वाकवलं. मग मागच्या अंगणात मातीच्या ढिगापुढे कागद लावून बार काढला. माझ्या पाठीशी उभी असलेली बायको बघायला कागदापाशी गेली आणि माझ्याकडे तोंड करून ओरडली, "डावीकडे लागलंय!"

अजून डावीकडे? पुन्हा उजवीकडे वाकवली. पुन्हा बार.

"अहो, आणखी डावीकडे!"

आता मी इरेला पेटलो. स्क्रू असा आवळला, की नळीने कण्हायचंच बाकी ठेवलं! तिसरा बार काढला. कागद कोरा! उजव्या कोपऱ्यातली पाण्याची टाकी मात्र चाळणी होऊन धो धो वाहायला लागली.

"अगं, डावीकडे म्हणजे कुणाच्या?"

"माझ्या! तुमची डावी बाजू मी कशाला सांभाळू?"

म्हणजे नळी मुळात सरळच होती, आणि मी तिचं पार केळं करून टाकलं होतं! ती पुन्हा सरळ करायला घाईघाईने ठोकळे ओढले, तोच सासरे दारात हजर. "झाली ना? वा! आताच निघतो, गाडी उभी आहे!"

"मामा, थांबा—" पण ते बंदूक घेऊन पसारही झाले.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर बायकोशेजारी जीव मुठीत धरून बसलो. तबकडी उडाली. सासऱ्यांनी नेम धरला, आणि चाप ओढताना त्यांच्या खांद्याने डावीकडे असा हिसका दिला, जणू विंचू चावला! ठो! तबकडीचा भुगा! दुसरी, भुगा! तिसरी, भुगा! त्यांचा हिसका डावीकडे, माझी नळी उजवीकडे, आणि छर्रे बरोब्बर मधोमध!

चषक डोक्यावर नाचवत सासरे गर्जले, "मी म्हणत नव्हतो? दोष बंदुकीतच होता!"

मी तोंड उघडलं. बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

"हो मामा," मी म्हणालो, "बंदूक वाकडीच आहे."

खोटं कुठे बोललो?