मगरशेठचा टोल

मुलांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात (आपल्या नव्हे बरं का, आपल्याकडे असलं काही होत नाही!) सगुणा नावाची साळू राहत होती. अंगभर काटे, पण स्वभावानं गरीब. तिच्या चिंगीचं लग्न नदीपलीकडच्या जंगलात ठरलं होतं.

साळूंच्या लग्नात एक रीत असते. वरपक्षासमोर नवरीनं अंग झाडायचं. काटे खुळखुळ्यासारखे वाजले तर लग्न, नाही तर पाहुणे उठून चालू लागतात. काटे वाजायला खारी माती चाटावी लागते आणि ती मिळायची पलीकडच्या बाजारात. पाच जंगलांचा तो सामाईक बाजार. नदी ओलांडायच्या उतारावर कोणी कोणाला अडवायचं नाही, असा पाच जंगलांच्या पंचायतीचा नियम होता.

एके दिवशी कोल्हा दिवाणजींनी सभा भरवली.

"बंधूंनो, आणि सगुणाताई! पंचायतीत आपला सिंह एक, त्यांचे चार. आपल्याला विचारतो कोण? बाहेर पडा! आपलं जंगल, आपली माती!"

सगुणाला आजवर सभेत कोणी नावानं हाक मारली नव्हती. ती अशी काही हरखली, की सगळ्यांच्या आधी तिनंच शेपटी वर केली. त्या जंगलात मत असंच देत. मग सशांनी केली, मोरांनी केली, माकडांनी तर दोनदा केली. वनराज जांभई देत म्हणाले, "मंजूर." त्यांच्या गुहेत आदल्याच दिवशी सांबराची एक मांडी पोचली होती. कोणी पाठवली ते मला विचारू नका. मगरशेठनी पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी सगुणा माती आणायला निघाली, तर उतारावर मगरशेठ आडवे पसरलेले.

"टोल," मगरशेठ म्हणाले. "पसाभर काटे. जेवल्यावर दात कोरायला लागतात."

"अहो, पण आपण आता स्वतंत्र झालो ना?"

"म्हणूनच तर! पंचायत मला इथं बसू देत नव्हती. आता मीही स्वतंत्र."

सगुणानं जाताना काटे दिले, येताना काटे दिले. मातीवर टोल वेगळा, त्यामुळे घरी पोचली ती चिमूटभरच. चिंगीनं दार उघडलं आणि आईला ओळखलंच नाही.

बाकीच्यांचंही तेच. सशांची लव मगरशेठच्या गादीत गेली, मोरांचा पिसारा त्यांच्या पंख्यात. जंगल पेटून उठलं. रागानं हो, वणवा नव्हे. सगळे गुहेवर चालून गेले.

दिवाणजी बाहेर आले. "दोष पलीकडच्यांचा आहे! आपण नसताना त्यांनी बाजार भरवलाच कसा?"

"लबाड कुठले!" सगळे नदीकडे तोंड करून ओरडले.

टकली सगुणा तेवढी पुढं झाली. "दिवाणजी, तुमच्या मिशांना खारी माती कशी हो लागलीय?"

दिवाणजींनी घाईघाईनं मिशा चाटल्या. ते रोज मगरशेठच्या पाठीवर बसून फुकट पलीकडे जात होते! "चोर! चोर!" असा गलका झाला. सगुणा थरथर कापत होती, रागानंही आणि थंडीनंही. वनराजांनी तिथल्या तिथं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मगरशेठ. समितीला मिशा सापडल्या, माती सापडली नाही.

तोवर लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड आलं, सगळे शाली लपेटून. चिंगीचे काटे मऊ पडलेले.

"मुलगी वाजवा," व्याही गुरगुरले.

"आधी मुलगा वाजवा!" असं म्हणून चिंगीनं नवरदेवाची शाल ओढली. मुलगा काय वाजणार? तो, व्याही, विहीणबाई, सगळेच टोल भरून आलेले. एकाच्याही अंगावर काटा नाही!

आधी चिंगी हसली, मग नवरदेव हसला, मग सगळा मांडव लोळायला लागला. त्या हसण्यातच लग्न लागलं. सगुणाला वाटलं, सुटले बाई एकदाची.

मग पाठवणीची वेळ झाली. परत जायचं तर टोल हवा, आणि वऱ्हाडाकडे द्यायला काटेच नाहीत.

"उगवेपर्यंत राहतो की," व्याही म्हणाले आणि आडवे झाले.

ते वऱ्हाड अजून सगुणाकडेच आहे. विहीणबाई रोज पानावर बसतात आणि म्हणतात, "आमटी अळणी झालीय हो."

तात्पर्य : एकमेकांना धरून राहण्यातच सगळ्यांचं भलं असतं. दिवाणजी आणि मगरशेठ यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते एकमेकांना कधी सोडत नाहीत. सोडायचं काम आपलं.