वॉरंटीची वेलांटी

"यंत्र कधी खोटं बोलत नाही. या जगात खोटं बोलतो तो एकटा माणूस!"

अभिमनने हे जाहीर केलं तेव्हा त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरच्या आठ घड्याळांत आठ निरनिराळ्या वेळा झाल्या होत्या. समोरच्या गिऱ्हाइकाने त्या आठही घड्याळांकडे ओळीने पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, नेमके किती वाजले?" अभिमनने दुकानाबाहेर डोकं काढलं, समोरच्या पानवाल्याला विचारलं आणि आत येऊन सांगितलं, "सव्वाअकरा."

जळगावच्या नवी पेठेत हस्तीमलशेठचं टीव्ही, रेडिओ, मिक्सर वगैरेंचं दुकान होतं आणि त्या दुकानात अभिमन अकरा वर्षं नोकरीला होता. त्याचं काम वस्तू विकायचं. पण प्रत्येक वस्तूविषयी त्याचं स्वतःचं एक मत होतं आणि ते वस्तूच्या आधी बाहेर यायचं. मिक्सर बघायला आलेल्या बाईंना तो विचारी, "ताई, चटणी वाटायची आहे की शेजाऱ्यांना कळवायचं आहे?" फ्रिजबद्दल म्हणे, "तुमच्याकडे उरतं काय? मग थंड काय करणार?" रिमोटचा रंगीत टीव्ही नुकताच दुकानात आला होता. "चॅनेल दोन," अभिमन म्हणे, "आणि ते बदलायला उठायचं नाही म्हणून तीन हजार जास्त. आज टीव्हीसाठी उठणार नाही, उद्या पाहुण्यांसाठी उठणार नाही." एका स्टॅबिलायझरवर मात्र त्याची श्रद्धा होती. सबंध दुकानात तेवढं एकच यंत्र लाइट खराब आहे हे कबूल करतं, असं त्याचं म्हणणं होतं.

"भाया," हस्तीमलशेठ गादीवरून म्हणत, "तू सेल्समन आहेस का साक्षीदार?"

यात थोडं तथ्य होतं. दुकानात येण्यापूर्वी अभिमनने धुळ्याला एका वकिलाकडे तीन वर्षं कारकुनी केली होती. वकील गेले, पण त्यांची भाषा अभिमनच्या हातात राहिली. चहाची चिठ्ठीसुद्धा तो 'दोन चहा विनाविलंब पाठविण्याची तजवीज करावी' अशी लिहायचा.

तर १९८८ सालच्या मार्चमध्ये शेठना कल्पना सुचली, की ज्यांच्या टीव्हीचं वर्ष भरत आलं आहे त्यांना एकेक पोस्टकार्ड टाकावं. म्हणजे लोक संच तपासून घ्यायला येतील आणि आले की लग्नसराईचं काहीतरी घेऊन जातील.

"लिही, तुमची गॅरंटी संपत आली, येऊन जा," शेठ म्हणाले.

"गॅरंटी नाही लिहिता येणार."

"का?"

"कंपनीच्या कार्डावर वॉरंटी छापलंय. गॅरंटी म्हणजे तोंडचा शब्द, शेठ. त्याला धरबंध नाही. वॉरंटी कागदावर असते, तिला कलमं असतात."

"पण लोकांना गॅरंटी समजते!"

"लोकांना समजतं म्हणून चुकीचं लिहायचं?" अभिमनने विचारलं. शेठनी कपाळाला हात लावला आणि तोच हात गल्ल्यावर ठेवला. अभिमनने चाळीस कार्डं लिहिली. चाळीसही बिनचूक.

त्यातलं एक कार्ड पाचोऱ्याजवळच्या वडगावला लोटननानांच्या नावे गेलं. वाटेत कुठेतरी पोस्टाचा शिक्का त्यावर बसला, आणि पोस्टाचे शिक्के जसे बसतात तसा, म्हणजे नको तिथे बसला. 'वॉरंटी' या शब्दातली वेलांटी त्या काळ्या गोलात गडप झाली.

शुक्रवारी दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. त्या लोटननानांच्या घरच्या, मंजुळाबाई. पिशवीतून त्यांनी ते कार्ड असं काढलं, जणू त्यात विंचू आहे.

"भाऊ, हाई चिठ्ठी तुमनी शे का?"

अभिमनने अक्षर ओळखलं. अभिमानाने म्हणाला, "आमचीच."

"मंग त्यास्नी काय करं, तेवढं सांगी द्या," असं म्हणून मंजुळाबाई पायरीवरच बसल्या आणि रडायला लागल्या.

पाणी दिलं, पंखा लावला, तेव्हा हळूहळू उलगडा झाला. कार्ड आणलं पुना नावाच्या पोस्टमनने. नानांना वाचता येत नाही म्हणून त्यानेच ते पारावर मोठ्याने वाचलं. "नाना, तुमना नावनं वारंट शे."

"कसानं वारंट?"

"ते लिखेल नही. एकतीस तारीखले संपस, त्याना आधी टीव्ही संगे लई हजर ऱ्हावानं. नही उनात ते परिणामले तुम्ही जबाबदार."

हे शेवटचं वाक्य अभिमनचं फार आवडतं होतं. वकीलसाहेब प्रत्येक नोटिशीत ते घालत.

आता, पारावरच्या एखाद्या शहाण्याने 'काहीतरी चूक असेल' असं म्हणायला हवं होतं. पण कोणी म्हणालं नाही, कारण नानांचा टीव्ही आकड्यावर चालायचा. खांबावरच्या तारेला वाकवलेली सळई अडकवली, की आली वीज. आणि त्या टीव्हीवर रविवारी सकाळी अख्खं गाव बसायचं. तेव्हा वारंट कशाचं, हे गावातल्या प्रत्येकाला आपापलं कळलं आणि जो तो गप्प बसला. नानांनी त्याच पावली घोंगडी उचलली.

"तीन दिनफाईन मळामा मचाणवर बठेल शेतस," मंजुळाबाई म्हणाल्या. "भाकर बी तठेच पोचाडस मी. कुत्रं भुंकनं तरी पानी प्यावानं सोडी देतस."

"अहो आक्का, ते वारंट नाही, वॉरंटी आहे!" अभिमनने कार्ड उजेडाकडे धरलं. शिक्क्याच्या काळ्यात वेलांटीची शेंडी दिसत होती, पण ती तिथे आहे हे ज्याला ठाऊक त्यालाच.

मंजुळाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की अभिमनला आपल्या तीन वर्षांच्या कारकुनीची पहिल्यांदाच लाज वाटली.

"मी त्यास्ले सांगस. मानतीन बी. पन साक्रीवाला मनं आइकतीन का?"

खरं दुखणं हे होतं. नानांच्या मुलीची, लताची सोयरीक साक्रीच्या झुलालआबांच्या मुलाशी जमली होती. मुलगा मास्तर. रविवारी सुपारी फुटायची होती. आणि वडगावची बातमी, एसटीलाही जमलं नसतं अशा वेगाने, साक्रीला पोचली होती. आबांचा निरोप आला होता: ज्या घरमा वारंट उनं, त्या घरनी पोर आमले नको.

"पोरगी दोन दिनफाईन जेवेल नही, भाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या.

शेठ गादीवरून उठले. अकरा वर्षांत गिऱ्हाईक समोर असताना ते उठल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. "अभिमन, लिहिलंस तू. आता जाशील तू. साक्रीला. लग्न जमवूनच ये. नाही जमलं तर सोमवारपासून गोडाऊनमध्ये बसायचं. तिथे थर्माकोलला सांग तुझी मतं."

शनिवारी पहाटेच्या गाडीने अभिमन निघाला. जळगाव ते धुळे आणि धुळे ते साक्री एवढ्या प्रवासात त्याने भाषणाची तयारी केली. सोबत ते पोस्टकार्ड आणि कंपनीचं कोरं वॉरंटी कार्ड घेतलं होतं, मोठ्या ठळक वेलांटीचं. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नाही. शेठना मागे एकदा खाकी कापडाचा अख्खा तागा स्वस्तात मिळाला होता आणि त्याचे त्यांनी नोकरांना गणवेश शिवले होते. अभिमन त्याच गणवेशात निघाला होता. खिशाला पितळी बिल्ला होता, कंपनीचा.

साक्रीत उतरून त्याने एका टपरीवर विचारलं, "झुलालआबांचं घर कुठं?" टपरीवाल्याने आधी खाकी पाहिली, मग बिल्ला, मग हातातला कागद. त्याने रस्ता सांगितला तो लांबचा, आणि अभिमन वळणावर दिसेनासा होताच स्वतः जवळच्या रस्त्याने पळाला.

अभिमन पोचला तेव्हा आबांच्या धाब्याच्या घरावर एक तरुण, म्हणजे मास्तर, पोटावर पडून काहीतरी ओढत होता. एक तार सळसळत खाली आली आणि तिच्याबरोबर वरचा अँटेनाचा पाइपही गर्रकन फिरला. दारात आबांच्या पत्नी सुंदरबाई उभ्या होत्या.

"आबा आहेत का?"

"घर नहीत. बाहेरगाव गयात."

मागच्या दारी कोणीतरी खोकलं.

"हे खोकलं कोण?"

"म्हैस शे," सुंदरबाई म्हणाल्या. "सर्दी व्हयेल शे तिले."

अभिमनने हात जोडले. "काकू, मी पोलीस नाही, वायरमनही नाही. जळगावच्या टीव्हीच्या दुकानातून आलोय. लोटननानांचं काम आहे."

म्हैस क्षणभर विचारात पडली. मग धोतर झटकत आबा पुढे आले. वय पासष्टीचं, मिशा पांढऱ्या, चेहऱ्यावर अजून थोडा संशय. "म्हनजे तुम्ही धराले नही उनात?"

"नाही."

"तरी सांगी ठेवस, आकडा आमना नही. शेजारना शे."

"मला आकड्याचं काही करायचं नाही, आबा. मला वेलांटीचं सांगायचंय."

तो खाटेवर बसला आणि वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरला. एक पोस्टकार्ड, एक कोरं कार्ड, एवढंच त्याने आबांपुढे ठेवलं. शिक्का दाखवला. वर असलेल्या मास्तरला खाली बोलावलं. मास्तरने दोन्ही शब्द शेजारी धरून वाचले, पोस्टकार्ड उजेडाकडे धरलं आणि त्याचे कान लाल झाले. "बाबा, वेलांटी शे खरी," तो म्हणाला. लग्न कोणाला जास्त हवं होतं हे त्या एका वाक्यात कळलं.

सुंदरबाईंना इतक्यात निराळंच काहीतरी सुचलं होतं. "म्हनजे नानासकडे बी टीव्ही आकडावर शे?"

अभिमन वरच्या अँटेनाकडे पाहू लागला. साक्षीदार फितूर झाला नाही.

"मंग ते बरोबरीनं घर शे!" सुंदरबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आबांचं मात्र समाधान झालं नव्हतं. ते कोरं कार्ड उलटंसुलटं करत राहिले. "हाई वॉरंटी म्हनजे करस काय?"

"कंपनी लिहून देते. वर्षभरात यंत्र आपणहून बिघडलं तर ती दुरुस्त करून देणार."

"एकच वरीस?"

"एकच."

"आनि मंग?"

"मग आपलं आपण."

आबांनी कार्ड खाटेवर ठेवून अंगणाकडे पाहिलं. अंगणात ती तार वेटोळं होऊन पडली होती. "एका खोकाना इतला कागद," ते म्हणाले. "आमना घर पोर येई. ती चाळीस वरीस ऱ्हाई. तिनी वॉरंटी कोन लिखी देस?"

या प्रश्नाला कार्डावर कलम नव्हतं. अभिमनने तरी ते पाठपोट पाहिलं. 'वीज कमी-जास्त झाल्यास कंपनी जबाबदार नाही', 'पडल्यास, आपटल्यास, पाणी गेल्यास जबाबदार नाही'. अकरा वर्षं तो हेच कागद लोकांच्या हातात देत आला होता आणि त्यांत बहुतेक ठिकाणी 'नाही'च लिहिलेलं आहे, हे त्याच्या आज प्रथमच ध्यानात येत होतं. लोटननानांना त्याने फक्त ते टीव्ही घ्यायला आले तेव्हा पाहिलं होतं. पैसे मोजून झाल्यावर नानांनी आधी टीव्हीला आणि मग अभिमनला नमस्कार केला होता. लताला तर त्याने पाहिलंही नव्हतं. तिच्याबद्दल त्याला एकच माहिती होती, की ती दोन दिवस जेवलेली नाही.

"आबा," तो म्हणाला, "घर चांगलं आहे. माणसं सरळ आहेत. मी गॅरंटी देतो."

शब्द तोंडातून गेला आणि अभिमन स्वतःच चपापला. शेठ इथे नव्हते ते बरं.

"कागद शे का?" आबांनी विचारलं.

"नाही. तोंडी."

"मंग चाली," आबा म्हणाले. "कागदनीच ते बठ्ठा घोटाळा करा." आणि त्यांनी आत हाक दिली, "आइकं का? सकाय वडगावले जावानं शे. सुपारी काढी ठेव."

चहा आला. मास्तर विनाकारण अंगण झाडू लागला. अभिमनला एकदम भरून आलं. यंत्र, कागद, कलमं, हे सगळं एकीकडे आणि माणसाने माणसाला दिलेला शब्द एकीकडे, असं काहीतरी मोठं त्याला सुचत होतं. आपलं आयुष्यभराचं मत बदलतंय, हे निदान कोणाच्यातरी समोर बदलावं असं त्याला वाटलं. त्याने कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "आबा, आज मला एक गोष्ट कळली. शेवटी माणूस—"

"भाऊ," आबा हळूच म्हणाले, "उनातच शेतस ते धाबावर चढीसन तेवढी अँटेना सरळ करी द्या ना. आकडा काढाना नादमा पोऱ्यानी फिरवी टाकी. बातम्यान्या बाईले नाहीतर दोन डोका दिसतीन."