तिसरी पायरी

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुताराने न्यायालयाच्या लाकडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीत शेवटचा खिळा ठोकला आणि त्याला अटक झाली. आरोप : सार्वजनिक मालमत्तेत विनापरवाना सुधारणा. आदल्या दिवशी याच मोडक्या पायरीवरून त्याची बायको पडली होती. ती आतच टंकलेखक होती. पाय सुजला होता, रजा मिळाली नव्हती.

सुताराने गुन्हा कबूल केला. त्याचा जीव अडकला होता तो पुराव्यात जप्त झालेल्या हत्यारांच्या पेटीत. पेटी गेली की हात असून नसल्यासारखे.

न्यायाधीश भला माणूस होता. "समज देऊन सोडतो."

कारकुनाने घसा खाकरला. "साहेब, नव्या नमुन्यात शिक्षेचे पाच उद्देश आहेत. पाचही रकाने भरल्याशिवाय सोडता येत नाही."

मग रकाने भरले गेले. अद्दल : एक दिवस कोठडी. जरब : इतरांना दुरुस्तीचा मोह होऊ नये म्हणून जिन्यापाशी फलक. सुधारणा : मदतीची खोड जाण्यासाठी सहा महिने देखरेख अधिकाऱ्याकडे हजेरी. समाजाचे संरक्षण : पेटी न्यायालयाच्या ताब्यात. भरपाई : पायरी पूर्ववत मोडून देणे, त्यानंतरच पेटी परत.

निकाल बायकोनेच टंकला. "अहो, सांगितलं होतं कुणी हे उपद्व्याप करायला?"

"तू पडलीस म्हणून केलं ना!"

"मी पडले, त्यात गुन्हा नव्हता!"

सुतार कारकुनाकडे वळला. "पायरी मोडतो, साहेब. पण पेटीशिवाय मोडू कशानं?"

"अर्ज करा."

"कुठं?"

"वर."

तो जिन्याकडे निघाला, तर तिसऱ्या पायरीला दोरी बांधलेली. शिक्षा अमलात येईपर्यंत तिच्यावर पाय ठेवणे म्हणजे गुन्ह्याचा लाभ घेणे, असे शिपायाने समजावले. सुताराने आपल्याच हातची भक्कम पायरी उडी मारून ओलांडली. मागून बायको लंगडत आली आणि कठड्याला धरून थांबली.

शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा अर्ज विचाराधीन होता, पेटी कपाटात होती. लोक दुसरीवरून चौथीवर उडी मारतात आणि मागच्याला आपुलकीने सांगतात, "जपून हं!" पायरीला झालंय काय, हे अजून कुणी विचारलेले नाही. परवा तुम्ही गेलात, तेव्हा तुम्हीही नाही.