चढतीवर की उतरतीवर?

दामलेकाकांच्या पाया पडणाऱ्याला आशीर्वाद डोक्यावर कधीच मिळत नाही. तो कमरेवर मिळतो. माणूस वाकला की काकांची बोटं त्याच्या मणक्यावरून फिरतात, बरगड्यांशी थबकतात आणि निकाल लागतो, "चढतीवर आहेस," किंवा "उतरतीवर." आयुष्मान भव वगैरे नंतर, आठवलं तर.

नारायण पेठेत आमच्या समोरच्या दारात राहणारे हे गृहस्थ म्हणजे मेंढ्यांच्या सरकारी फार्मवरून निवृत्त झालेले पशुवैद्य. लोकरीमुळे मेंढी जाड की बारीक हे नुसतं बघून कळत नाही, हाताने चाचपावं लागतं. नोकरी सुटली, पण हाताची सवय काही सुटली नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. नवरी पाया पडायला वाकली. काकांनी चाचपलं आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उतरतीवर! लग्नासाठी डाएट केलंस ना? सगळं उलटं केलंत. आम्ही मेंढीला नराजवळ सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवतो. मका, पेंड! एकाच्या जागी दोन अंडी सुटतात, जुळी होतात!"

नवरीची सासू हातात जिलबी धरून तशीच उभी राहिली. "अहो, मेंढी कोणाला म्हणताय?"

"अजून कोणालाच नाही," काका शांतपणे म्हणाले. "त्यासाठी आधी नीट खावं लागतं."

त्यांचं शास्त्र जिन्यात ऐकून ऐकून मला पाठ झालंय. "मेंढी किती जाड, हा प्रश्नच नाही हो. चढतीवर आहे का, ते सांगा. अंग धरायला लागली की मेंदूला वाटतं, बरे दिवस येताहेत. मग तो हार्मोन सोडून अंडाशयाला कळवतो, या खेपेला एकावर भागवू नकोस."

"आणि हार्मोन बाहेरून दिले तर?" असं मी एकदा विचारून बसलो.

"देतो की! मेंढीच्या योनीमार्गात औषधी स्पंज ठेवायचा, काढला की सगळा कळप एकदम माजावर. पण मेंढी उपाशी असेल, तर ते रिकाम्या घराची बेल वाजवण्यासारखं आहे." त्या दिवशी जिन्यातलं व्याख्यान इतकं लांबलं, की माझ्या हातातलं दूध नासलं.

यंदा मालतीकाकूंना कॅन्सर झाला. घरात ही दोघंच. काकूंना अन्न जाईना. आता औषधांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं, तिथूनच मार्केट यार्डात गेले आणि खजूर, नाचणी, शेंगदाणे घेऊन आले. रोज सकाळी पेज भरवतात. काकू दोन चमचे घेतात आणि तोंड फिरवतात.

परवा मी डबा द्यायला गेलो, तेव्हा काका त्यांना उठवून बसवत होते. हात सवयीने पाठीवर गेला. बोटं मणक्यांवरून खाली उतरली आणि थांबली. ज्या माणसाने भर लग्नात नवरीची गय केली नाही, तो म्हणाला, "मालू, चढतीवर आहेस हं."

काकू हसल्या आणि तिसरा चमचा घेतला.

मला सोडायला ते जिन्यापर्यंत आले. मी काहीच विचारलं नव्हतं. "तिच्या मेंदूला वाटायला हवं हो," ते म्हणाले, "बरे दिवस येताहेत म्हणून." आणि कठडा धरून लहान मुलासारखे रडायला लागले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली मणकान् मणका हाताला लागत होता. हा माणूस तिला भरवताना स्वतः जेवायचंच विसरला होता.

"काका, चढतीवर आहात," मी म्हणालो.

"हात फार वर ठेवलाय तुम्ही," ते रडता रडता म्हणाले. "कमरेवर ठेवून बघा."

मी हात खाली नेला. तिथेही हाडंच होती.

"चढतीवर," मी पुन्हा म्हणालो.